आधी पंप, मग नळी : मिशिगनमधल्या एका ट्रेलरची वसंतातली तयारी

हे प्रकरण एका मराठी कुटुंबाचं आहे. त्यांच्या परवानगीने, नावं न घेता लिहितो आहे. नवरा-बायको आणि दोन मुलं, राहायला डेट्रॉइटजवळ नोव्हायच्या परिसरात. त्यांनी एका वयस्कर जोडप्याकडून २०१८ सालचा २४ फुटी ट्रेलर जुना विकत घेतला होता. पिकअपच्या मागे जोडून ओढायचा. आत एक मोठा पलंग, मागच्या टोकाला मुलांसाठी एकावर एक दोन बंक, छोटा ओटा, न्हाणी आणि संडास. कॅम्पिंगला ते आधीही जायचे, पण तंबू घेऊन. ट्रेलर घेतला तो आई-बाबांसाठी. सांगलीहून ते उन्हाळ्यात सहा महिन्यांसाठी येतात. आईंचे गुडघे दुखतात, रात्री एक-दोनदा उठावं लागतं, आणि अंधारात सार्वजनिक संडासापर्यंत चालत जाणं त्यांना झेपत नाही. त्यामुळे दरवर्षी कॅम्पिंगचा विषय निघाला की त्या म्हणायच्या, "तुम्ही जाऊन या, आम्ही घर सांभाळतो."

या वेळी मेच्या तिसऱ्या शनिवार-रविवारसाठी लेक मिशिगनच्या काठी, लडिंग्टनच्या बाजूला एका खासगी कॅम्पग्राउंडवर जागा घेतली होती. मिशिगनच्या सरकारी उद्यानांत बहुतेक जागांवर फक्त वीज मिळते, पाणी नळावरून टाकीत भरून आणावं लागतं. इथे वीज, पाणी आणि सांडपाणी अशा तिन्ही जोडण्या होत्या. आईंना सोय व्हावी म्हणून मुद्दाम ही जागा निवडली होती. ही सोयीची जागाच पुढे महागात पडली असती, म्हणून तिचा उल्लेख आधी केला.

ऑक्टोबरात काय केलं होतं

मिशिगनमध्ये ट्रेलरच्या नळांत पाणी ठेवून हिवाळा काढता येत नाही. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि बंद जागेत फुगलेलं पाणी जे मिळेल ते फोडतं. म्हणून ऑक्टोबरच्या अखेरीस टाक्या रिकाम्या करतात, वॉटर हीटरचं बूच काढून त्यातलं पाणी सोडतात, हीटरला वळसा घालणारे व्हॉल्व्ह फिरवतात, आणि पंपाने गुलाबी अँटीफ्रीझ सगळ्या नळांतून खेळवतात. हे अँटीफ्रीझ प्रॉपिलिन ग्लायकॉलचं असतं. गाडीच्या रेडिएटरमधलं सहसा एथिलिन ग्लायकॉलचं असतं आणि ते विषारी असतं. पिण्याच्या पाण्याच्या नळांत ते कधीही घालू नये.

या कुटुंबाने हे काम पहिल्यांदाच स्वतः केलं होतं, आणि मनापासून केलं होतं. ओट्याचा नळ, न्हाणीचं बेसिन, शॉवर, संडासाचं फ्लश, प्रत्येक ठिकाणी गरम आणि थंड दोन्ही बाजूंनी गुलाबी पाणी येईपर्यंत नळ उघडे ठेवले. बॅटरी काढून तळघरात नेली. आतल्या सगळ्या नळांची नोंद वहीत होती. बाहेरच्या बाजूला काय आहे ते वहीत नव्हतं.

कोरडी कामं आधी

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात इथे एखादा दिवस ६० फॅरनहाइटला पोचतो आणि सगळ्यांचे हात शिवशिवतात. नळांत पाणी भरायची ती वेळ नव्हे. आग्नेय मिशिगनमध्ये शेवटचं गोठवणारं दहिवर एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत कधीही पडतं, आणि एकदा अँटीफ्रीझ धुऊन काढलं की ट्रेलर पुन्हा उघडा पडतो. म्हणून मी त्यांना कामं दोन भागांत वाटायला सांगितली : पाण्याशी संबंध नसलेली सगळी कामं आधी, आणि पाण्याची कामं रात्रीचं तापमान गोठणबिंदूच्या वर टिकू लागल्यावर.

छपरापासून सुरुवात केली. ट्रेलरचं छप्पर रबराच्या पत्र्यासारखं असतं. खिडकी, पंखा, एसी अशी जी जी भोकं त्याला पाडलेली असतात, त्यांच्या कडेने आपोआप पसरून बसणारं सीलंट लावलेलं असतं. हिवाळ्यात ते आक्रसतं आणि चिरतं. न्हाणीवरच्या स्कायलाइटच्या कडेला एक चीर सापडली, नखाने उचकटता येईल एवढी. कडा स्वच्छ करून, वाळवून, वरून नवं सीलंट लावलं. रबरी छपरावर पेट्रोलियमचा अंश असलेलं क्लीनर वापरू नये, रबर फुगून त्याला फोड येतात. साधा सौम्य साबण आणि पाणी पुरतं.

टायरवर त्यांचं आणि माझं एकमत व्हायला वेळ लागला. नक्षी नवी कोरी दिसत होती. पण टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनंतर येणाऱ्या आकड्यांतले शेवटचे चार पाहायचे असतात : पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. यांच्या टायरवर १२१८ होतं, म्हणजे २०१८ चा बारावा आठवडा. ट्रेलरचे टायर झिजून क्वचितच बाद होतात. ते एका जागी उभे राहून, उन्हाने आणि वयाने बाद होतात, आणि पाच-सहा वर्षांनंतर त्यांच्यावर भरवसा ठेवू नये. चालत्या ट्रेलरचा टायर फुटला की त्याचा सुटलेला पट्टा चाकावरची जमीन, वायरी, कधी गॅसची नळीही फाडतो. नवरा म्हणाला, "अरे, पण एकही भेग नाही!" बायकोने चारही टायर बदलायचा निर्णय घेतला आणि विषय तिथेच संपला. नवे टायर बसवल्यावर चाकाच्या नटांची घट्टाई टॉर्क रेंचने पहिल्या ५० मैलांच्या आत पुन्हा तपासायची असते. ते त्यांनी घराभोवती फेऱ्या मारून केलं.

ओट्याखालच्या खणात उंदराच्या लेंड्या सापडल्या. बायकोने व्हॅक्यूम क्लीनर आणला होता. इथे मी तिला थांबवलं, कारण हे फक्त किळसवाणं नसतं, जीवावरही बेतू शकतं. अमेरिकेत डिअर माउस जातीच्या उंदरांच्या विष्ठेतून आणि मुतातून हांटाव्हायरस पसरतो. झाडलं किंवा व्हॅक्यूमने ओढलं की वाळलेली धूळ हवेत उडते आणि श्वासातून आत जाते. सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेचा सल्ला साधा आहे. आधी दारं-खिडक्या उघडून अर्धा तास हवा खेळू द्यावी. हातमोजे घालावेत. ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे दहा भाग असं मिश्रण लेंड्यांवर शिंपडून पाच मिनिटं भिजू द्यावं, मग कागदाने टिपून पिशवीत बंद करून टाकावं. तसं केलं. उंदीर शिरला होता तो विजेची जाड केबल आत येते त्या भोकातून. ते स्टील वूल कोंबून, वरून सीलंट लावून बुजवलं. नुसता फोम उंदीर कुरतडतात.

गॅसचं काम महाराष्ट्रातल्या कुठल्याही घराला ओळखीचं : सिलिंडरच्या जोडावर साबणाचा फेस लावायचा आणि बुडबुडे येतात का पाहायचं. सिलिंडरमधला वायू मात्र थोडा वेगळा. आपल्याकडे स्वयंपाकाच्या गॅसमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण असतं. ब्युटेन शून्य अंश सेल्सियसच्या आसपास उकळतो, म्हणजे थंडीत त्याचा वायू होतच नाही. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायू देतो, म्हणून इथे प्रोपेन. जोड ठीक होते. पण जमिनीलगत लावलेला गॅसचा अलार्म मागे वळवून पाहिला, तर त्यावर २०१८ ची तारीख होती. अशा अलार्मचं आयुष्य साधारण पाच ते सात वर्षं असतं. हिरवा दिवा लागत होता, तरी आतला सेन्सर म्हातारा झालेला. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही त्याच वयाचा. दोन्ही बदलले. आई-बाबा, मुलं अशी सहा माणसं बंद खोक्यात झोपणार असतील, तर मला वाटतं पहिले पैसे इथे खर्च व्हावेत. नव्या गाद्या आणि दिव्यांच्या माळा मागाहून.

पंप बोलतो

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात रात्री ४० फॅरनहाइटच्या वर राहू लागल्या. आई-बाबाही येऊन पोचले होते. पाण्याची कामं सुरू करायची वेळ झाली.

ट्रेलरमध्ये पाणी दोन वाटांनी येतं. एक, स्वतःच्या टाकीतून, १२ व्होल्टच्या पंपाने. दुसरी, बाहेरच्या नळाला नळी जोडून, कॅम्पग्राउंडच्या दाबाने. बहुतेक लोक वसंतात घरच्या नळाची नळी थेट जोडतात, कारण ते झटपट होतं. या लेखात मला आग्रहाने काही सांगायचं असेल तर ते हेच : पहिली चाचणी पंपानेच करावी. पंप दाब सुमारे ५० पीएसआयला पोचला की आपोआप थांबतो, आणि दाब उतरला की पुन्हा सुरू होतो. नळ बंद असताना तो गप्प राहिला पाहिजे. मध्येच वाजला तर दाब कुठून तरी निसटतो आहे. नळीच्या पाण्याला असा आवाज नसतो. कितीही गळलं तरी मागून तेवढंच पाणी मुकाट येत राहतं.

टाकीत दहा-बारा गॅलन पाणी भरलं, हीटरला वळसा तसाच ठेवला, आणि एकेक नळ उघडून गुलाबी रंग जाईपर्यंत पाणी सोडलं. मग सगळे नळ बंद. पंप थोडा घुरघुरला आणि थांबला. सगळ्यांना बरं वाटलं. आम्ही बाहेर येऊन चहा घेत असताना बायको आतच होती, कपाटं पुसत. तिने हाक मारली, "पंप पुन्हा वाजला." नळ तर बंद होते. बाबा घड्याळ घेऊन आत बसले. सात-आठ मिनिटं शांतता, मग दोन सेकंदांची घरघर. पुन्हा तेवढीच शांतता, पुन्हा घरघर.

याची कारणं दोनच असू शकतात. पंपातला एकदिशा व्हॉल्व्ह नीट मिटत नसेल तर पाणी मागे टाकीत परततं आणि दाब उतरतो. नाहीतर पुढे कुठेतरी गळती आहे. पहिलं कारण खरोखर नेहमीचं आहे, टाकीतला एखादा कचऱ्याचा कण पुरतो. नवऱ्याने तेवढ्यात फोनवर नवा पंप शोधून ऑर्डरही दिली. मला ती घाई पटली नाही. टाकीत परतणारं पाणी कुणाचं काही बिघडवत नाही, पण जमिनीत मुरणारं पाणी दर तासाला लाकूड खातं. ज्या शक्यतेने नुकसान होतं, ती आधी निकालात काढली पाहिजे.

कोरडा कागद

इतक्या बारीक गळतीत पाणी डोळ्यांना दिसत नाही. बोटालाही फसवणूक होते, कारण थंड नळी नेहमीच ओली वाटते. आम्ही टिश्यू पेपर वापरला. प्रत्येक जोडाभोवती कोरडा तुकडा गुंडाळायचा, थोडं थांबायचं, आणि डाग पडला का पाहायचं. ओट्याखाली कोरडा. बेसिनखाली कोरडा. संडासाच्या मागचा व्हॉल्व्ह प्लॅस्टिकचा असतो आणि हिवाळ्यात हमखास तडकतो, माझा सगळा संशय त्याच्यावर होता. तोही कोरडा. हीटरच्या मागचे तीन व्हॉल्व्ह, तळाशी पाणी सोडायच्या दोन नळ्यांची टोपणं, सगळं कोरडं. नवरा म्हणाला, "पंपच आहे, बघ."

बाबा तोवर बाहेर फिरत होते. त्यांनी हा ट्रेलर पहिल्यांदाच पाहिला होता, त्यामुळे ते सगळंच विचारत होते : ही तोटी कशाची, हे झाकण कशाचं. मागच्या कोपऱ्याशी थांबून त्यांनी विचारलं, "आणि हे छोटं दार कसलं रे?"

ते बाहेरच्या शॉवरचं दार. समुद्रावरून किंवा चिखलातून आलं की आत शिरण्याआधी पाय धुवायला असतो तो. या कुटुंबाने तो कधी वापरलाच नव्हता, त्यामुळे ऑक्टोबरच्या यादीतही तो आला नाही. त्याच्यापर्यंत जाणाऱ्या गरम आणि थंड दोन्ही नळ्यांत साधं पाणी तसंच राहिलं होतं.

दार उघडलं तर आत नळ कोरडा ठणठणीत. त्यामुळेच ही जागा फसवी. नळाचं तोंड बाहेर असतं आणि पोट भिंतीच्या आत. खालच्या बंकची गादी काढली, फळी उचलली, बॅटरीचा उजेड टाकला. नळाच्या पाठीवर केसाएवढी चीर होती आणि तिच्यातून थेंब सरकत खाली जात होता. खालच्या प्लायवूडवर तळहाताएवढा ओला डाग पडलेला. बाबांना बोलावून दाखवलं.

चीर नळाला पडली, नळीला नाही, याचंही कारण आहे. आताच्या ट्रेलरमधल्या पेक्स नावाच्या प्लॅस्टिकच्या नळ्या लवचिक असतात, पाणी गोठलं तरी बऱ्याचदा फुगून पुन्हा मूळ आकारात येतात. पण नळाचं पोट, व्हॉल्व्हचं घर, जोडणीची वळणं ही कडक प्लॅस्टिकची. फुटतात ती हीच. म्हणून वसंतात लांबच्या लांब नळ्या चाचपण्यात वेळ घालवू नये, जोड आणि तोट्या पाहाव्यात.

आता कॅम्पग्राउंडवर काय झालं असतं त्याचा विचार करा. तिथे पाण्याची जोडणी होती, म्हणून पंप बंदच राहिला असता. शुक्रवारी संध्याकाळी नळी जोडली असती, रविवारी दुपारी काढली असती. मधल्या काळात नातवंडांच्या बंकखाली थेंब थेंब पाणी, आवाज काही नाही. तळाचं प्लायवूड फुगलं असतं, त्याखालचं इन्सुलेशन भिजलं असतं, आणि तळाला ताणून लावलेल्या पडद्यामुळे ते पाणी बाहेर टपकताना दिसलंही नसतं. अशी जमीन आठ-दहा महिन्यांनी पायाखाली मऊ लागते, आणि तेव्हा दुरुस्ती म्हणजे बंक उखडून फळ्या कापणं.

दुरुस्ती आणि अंगणातली रात्र

नवा नळ फार महाग नव्हता. जुन्याच्या मागचे दोन चक्रीनट सोडवले, नवा बसवला, नट हाताने आवळून वर पाव फेरा. आत रबरी वॉशर असतो, त्यामुळे तिथे टेफ्लॉन टेप लागत नाही, आणि पान्याने जोर लावला तर नवंही तडकतं. पुन्हा पंप लावला. बाबा पुन्हा घड्याळ घेऊन बसले. अर्धा तास झाला, तास झाला, पंप गप्प. ऑर्डर केलेला पंप परत गेला. ओल्या प्लायवूडवर टेबलफॅन लावून ठेवला आणि ओलावामापकाचा आकडा आसपासच्या कोरड्या भागाइतका उतरेपर्यंत फळी बंद केली नाही.

बाकीचं मग सरळ पार पडलं. हीटरची टाकी पोलादी होती, तिच्यातला झिजण्यासाठीच ठेवलेला अ‍ॅनोड दांडा बहुतेक खाल्ला गेला होता, तो बदलला. वळशाचे व्हॉल्व्ह फिरवून टाकी भरली. गरम पाण्याच्या नळातून हवा फसफसणं थांबून सलग धार येईपर्यंत हीटर सुरू केला नाही. रिकाम्या टाकीत विजेची कॉइल काही क्षणांत जळते. टाकी आणि नळ निर्जंतुक करायला १५ गॅलनला पाव कप साधं, सुगंध न घातलेलं ब्लीच हे प्रमाण. यांची टाकी ४० गॅलनची, म्हणजे दोन तृतीयांश कप. प्रत्येक नळाला क्लोरीनचा वास येईपर्यंत पाणी सोडलं, रात्रभर तसंच ठेवलं, सकाळी वास जाईपर्यंत धुतलं. एवढी टाकी भरली की १५० किलो वजन वाढतं, म्हणून प्रवासात ती जवळपास रिकामी ठेवायची.

मग मेच्या सुरुवातीला सगळे एक रात्र घरासमोरच्या ड्राइव्हवेवर ट्रेलरमध्ये झोपले. ही रात्र मी कुणालाही टाळू देत नाही. घर दहा पावलांवर असताना जे सापडतं ते तिथेच दुरुस्त होतं. मे महिन्यात दुरुस्तीच्या दुकानांत आठवडे-आठवडे नंबर लागत नाही. नेमकी त्याच रात्री थंडी परतली, पहाटे पारा २९ फॅरनहाइटवर, म्हणजे गोठणबिंदूच्या खाली. नळांत आता पाणी होतं. फर्नेस रात्रभर मंद चालू ठेवला आणि ओट्याखालच्या, बंकखालच्या कपाटांची दारं उघडी ठेवली, म्हणजे उबदार हवा नळांपर्यंत पोचते. बाहेरच्या शॉवरच्या छोट्या दारामागे जुनं ब्लँकेट कोंबलं. काही गोठलं नाही.

सकाळी आईंनी त्यांची अडचण सांगितली, आणि ती कुठल्याच यादीत नव्हती. "झोप छान लागली गं," त्या सुनेला म्हणाल्या, "पण ही पायरी मला उतरवत नाही. धरायला काही नाही." ट्रेलरची खालची पायरी जमिनीपासून बरीच उंच असते. दाराशेजारी बाहेर उघडणारा दांडा बसवला, तो थेट भिंतीच्या चौकटीत स्क्रूने, पातळ पत्र्यात नव्हे. खाली एक रुंद, न सरकणारी पायरी ठेवली. माझ्या मते त्या पूर्ण तयारीत आईंच्या दृष्टीने सर्वांत मोठं काम हेच होतं. नळ दुरुस्त झाला नसता तर ट्रेलरचं नुकसान झालं असतं. दांडा बसला नसता तर त्या पुन्हा "तुम्ही जाऊन या" म्हणाल्या असत्या.

लडिंग्टनची सहल ठरल्याप्रमाणे झाली. तिथे पोचल्यावर नळी जोडण्याआधी त्यांनी दाब आवरणारा रेग्युलेटर लावला, कारण कॅम्पग्राउंडच्या नळाचा दाब कधी ट्रेलरच्या नळांना सोसणार नाही एवढा असतो. त्याआधी पंधरा मिनिटं पंप लावून कान देऊन बसले. पंप गप्प राहिला, मग नळी जोडली.

ऑक्टोबरच्या यादीत आता बाहेरच्या शॉवरच्या दोन ओळी आहेत, गरम आणि थंड वेगळ्या. बंकखालचं प्लायवूड जुलैमध्ये एकदा आणि शरदात ट्रेलर बंद करण्याआधी पुन्हा एकदा ओलावामापकाने पाहायचं ठरलं आहे. तळाच्या पडद्याआडच्या इन्सुलेशनपर्यंत थोडं पाणी गेलं असण्याची शक्यता आहे, आणि आकडा चढला तर तो पडदा तेवढ्या भागात कापून आत पाहावं लागेल.